भास्कराचार्य आणि एक दुष्ट गणित

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझं बालवाडीपासून दहावीपर्यंतचं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरी मराठी बोलतो, पण चार ओळी सलग लिहायच्या म्हटलं की हात थरथरतो. ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने सांभाळून घ्यायचं, या अटीवर हा लेख देते आहे. लेख भास्कराचार्यांवर आहे. पण त्यांच्यापर्यंत मी ज्या वाटेने पोचले ती वाट आधी सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, त्यामुळे थोडी कळ सोसा.

फर्स्ट इयरला सी च्या प्रॅक्टिकलला आपण सगळ्यांनीच दोन संख्यांचा एच.सी.एफ. काढायचा प्रोग्रॅम लिहिला आहे. (लिहिला म्हणजे एकाने लिहिला आणि बाकीच्यांनी जर्नलमध्ये उतरवला!) मोठ्या संख्येला लहान संख्येने भागायचं, जी बाकी उरेल तिने त्या लहान संख्येला भागायचं, बाकी शून्य होईपर्यंत लूप फिरवायचा. चार ओळींचा मामला. व्हायवाला एक्स्टर्नलने मला विचारलं की रोजच्या जगण्यात याचा उपयोग काय. मी अपूर्णांक लहान करायला असं काहीतरी पुटपुटले. त्यांनी पुढचा रोल नंबर बोलावला. मार्क किती मिळाले देव जाणे, पण तो प्रश्न कुठेतरी अडकून बसला.

पुढे दिवाळीच्या सुट्टीत आजोळी गेले. माझं आजोळ चाळीसगावचं. मामाची मुलगी सहावीत आहे. एरवी मी गेले की ताई ताई करत मागेमागे फिरते, पण या वेळी ती रुसल्यासारखी खोलीत बसून होती. शिकवणीला जाणार नाही म्हणून तिने घरात जाहीर केलं होतं. कारण काय, तर एक गणित. सहा रुपयांच्या काही पेन्सिली आणि पंधरा रुपयांच्या काही वह्या घेतल्या, बरोबर शंभर रुपये झाले, तर पेन्सिली किती आणि वह्या किती? तिला ते आलं नाही. सगळ्या वर्गासमोर बोलणी बसली, वर तेच गणित पाच वेळा करून आणायची शिक्षा. वही उघडून पाहिली तर खोडरबराने घासून घासून पान फाटायला आलेलं. आपण ढ आहोत असं तिचं पक्कं झालं होतं. मामीसुद्धा गणित आमच्या घरात कुणालाच नाही असं काहीतरी म्हणून गेली, आणि मग तर विषयच मिटला.

मी म्हटलं, एवढंच ना! आणि बसले. एक वही घेतली, तर उरतात पंचाऐंशी, सहाने भाग जात नाही. दोन घेतल्या, सत्तर उरतात, नाही जात. तीन घेतल्या, पंचावन्न. चार, चाळीस. पाच, पंचवीस. सहा, दहा. संपलं की! मी इंजिनिअरिंगची पोरगी, हार कशी मानणार? लॅपटॉप काढून दोन लूपचा प्रोग्रॅम लिहिला. स्क्रीनवर काहीच येईना. आता माझी मजल बघा, मला वाटलं प्रोग्रॅममध्येच चूक आहे. अर्धा तास मी ती चूक शोधत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे पाटणादेवीला गेलो. चाळीसगावहून अठरा-वीस किलोमीटर, डोंगराच्या कुशीत, गौताळा अभयारण्याच्या जंगलात. परत आल्यावर प्रसाद वाटायचा होता. ८४ पेढे आणि ६० केळी. आजी चौथीच्या पुढे शिकलेली नाही. तिने दोन्हींचे दोन दोन सारखे भाग केले, त्यांचे पुन्हा दोन दोन केले, आणि मग प्रत्येक भागाचे तीन तीन. झाले बारा वाटे, प्रत्येकात ७ पेढे आणि ५ केळी. ७ आणि ५ वर आली आणि थांबली, कारण आता दोघांनाही एकदम भाग जाईना. मामा म्हणाला की बघ, आजीने मसावि काढला. मसावि म्हणजे काय हे मला विचारावं लागलं आणि सगळे जे हसले ते हसले! तर मसावि म्हणजे महत्तम साधारण विभाजक, म्हणजे आपला तोच तो एच.सी.एफ.

मामा इथेच थांबला नाही. चाळीसगावच्या माणसाला भास्कराचार्य हा घरचा विषय असतो. देवीच्या ज्या आवारात आम्ही सकाळी डबे सोडून बसलो होतो, त्या पाटण गावी भास्कराचार्यांच्या नातवाने त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ उभारला होता असं त्याने सांगितलं. आणि मसाविची सगळी गंमत त्या म्हाताऱ्याला पुरेपूर कळलेली होती म्हणाला. सुट्टी संपल्यावर आपल्या लायब्ररीतून ना. ह. फडके यांचे ‘लीलावती पुनर्दर्शन’ आणवले, आणखी इकडचे तिकडचे वाचले. त्यातून जे हाती लागले ते आता सांगते.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ. स. १११४. जुन्या माणसांच्या बाबतीत आपल्याकडे शंभर-दोनशे वर्षे इकडेतिकडे होतात, पण इथे तसे नाही. हे साल त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात नोंदवले आहे. गोत्र शांडिल्य, वडिलांचे नाव महेश्वर, गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असलेले विज्जडविड. आता हे विज्जडविड नेमके कुठले यावर विद्वानांत एकमत नाही. कोणी पाटणच्या परिसरात मानतात, कोणी बीड म्हणतात, कोणी विजापूर. (मामासमोर विजापूरचे नाव काढू नये, जेवण मिळणार नाही!)

घराणे पिढ्यान् पिढ्या विद्वानांचे. मूळ पुरुष त्रिविक्रम. त्याचा मुलगा भास्करभट्ट, त्याला भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली. मग गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर आणि मग आपले भास्कराचार्य. शिकवले वडिलांनीच. घरातच गुरू असल्यावर सुटका नसते हे ज्यांचे आईबाबा शिक्षक आहेत त्यांना वेगळे सांगायला नको.

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ पूर्ण केला. त्याचे चार भाग. लीलावती म्हणजे अंकगणित आणि भूमिती, बीजगणित म्हणजे नावाप्रमाणेच, आणि ग्रहगणित व गोलाध्याय हे दोन ज्योतिषाचे. त्यावर स्वतःच टीकाही लिहिली, वासनाभाष्य नावाची. वासना म्हणजे इथे भलता अर्थ घेऊ नका. एखादी रीत अशी का, याची उपपत्ती म्हणजे वासना. आपण फॉर्म्युला पाठ करतो आणि डेरिव्हेशन ऑप्शनला टाकतो, त्यांना ते चालले नसते.

लीलावतीची गोष्ट बहुतेकांनी ऐकली असेल. मुलीच्या पत्रिकेत वैधव्य होते, वडिलांनी एक अचूक मुहूर्त शोधला, वेळ मोजायला पाण्यात भोकाची वाटी सोडली. लहानग्या लीलावतीने कुतूहलाने आत डोकावून पाहिले, तिच्या अंगावरच्या दागिन्यातला मोती वाटीत पडला, भोक बुजले, वाटी बुडालीच नाही आणि मुहूर्त टळला. मग वडिलांनी तिच्या नावाने ग्रंथ लिहिला. गोष्ट फार सुंदर आहे. मात्र ती भास्कराचार्यांनी सांगितलेली नाही. अकबराच्या इच्छेवरून फैजीने १५८७ मध्ये लीलावतीचे फारसी भाषांतर केले, त्यात ती येते. म्हणजे मध्ये चारशेहून जास्त वर्षे गेलेली. पाटणच्या शिलालेखातल्या वंशावळीतही मुलगी नाही, पण ती वंशावळ बापाकडून मुलाकडेच जाते, तेव्हा त्यावरून काही ठरत नाही. ग्रंथात ते कधी मुलीला हाक मारून प्रश्न घालतात, कधी मित्राला, कधी चक्क वाण्याला. मला स्वतःला ती मुलगी खरी असावी असे वाटते. पुरावा नाही, नुसते वाटते.

वाण्यावरून आठवले, तो प्रश्न तर मी विसरूच शकत नाही. एक वाटसरू दुकानात आला आहे. एका द्रम्माला साडेतीन मानके तांदूळ मिळतात आणि आठ मानके मूग. वाटसरूच्या हातात तेरा काकिणी आहेत. त्याला दोन भाग तांदूळ आणि एक भाग मूग हवेत, तेही झटपट, कारण खिचडी रांधून खाऊन निघायचे आहे आणि सोबतचे लोक पुढे जाताहेत. बारावं शतक आहे, आणि प्रश्न अगदी आपल्या एस.टी. च्या थांब्यावरचा वाटतो!

आता गणित. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म. म्हणजे एका द्रम्मात ६४ काकिणी, आणि वाटसरूकडे १३/६४ द्रम्म. दोन मानके तांदळाचे ४/७ द्रम्म होतात, एक मानक मुगाचे १/८. मिळून ३९/५६. तेव्हा १३/६४ ला ३९/५६ ने भागायचे, म्हणजे १३ गुणिले ५६, छेद ६४ गुणिले ३९. मी असती तर आधी सगळे गुणून ७२८ आणि २४९६ करून बसले असते. दुकानात कागद नाही, मागे घाई. तिथे मसावि कामाला येतो. १३ आणि ३९ मध्ये १३ समान, उरले १ आणि ३. ५६ आणि ६४ मध्ये ८ समान, उरले ७ आणि ८. उत्तर ७/२४. इतके मानक मूग, आणि त्याच्या दुप्पट, म्हणजे ७/१२ मानक तांदूळ. तोंडी झाले! दोन संख्यांना एकाच संख्येने भागून असे लहान करण्याला भास्कराचार्य अपवर्तन म्हणतात. फिजिक्समध्ये प्रकाशाचे अपवर्तन असते ते वेगळे, शब्द तोच.

पण अपवर्तनाची खरी ताकद दिसते ती कुट्टक प्रकरणात. कुट्टक हा शब्द कुटणे या अर्थाच्या धातूपासून आलेला. आपण शेंगदाणे कुटतो आणि कूट करतो, अगदी तेच. मोठ्या संख्या घ्यायच्या आणि एकमेकींनी भागून भागून कुटून बारीक करायच्या. लीलावतीतले पहिलेच उदाहरण असे आहे. अशी कोणती संख्या, की जिने २२१ ला गुणले, त्यात ६५ मिळवले आणि १९५ ने भागले, तर बाकी काहीच उरत नाही?

इथे २२१ हा भाज्य, १९५ हा हर, ६५ हा क्षेप. भास्कराचार्य लगेच उत्तराच्या मागे लागत नाहीत. आधी भाज्य आणि हर एकमेकांनी भागायचे. २२१ ला १९५ ने भागले, बाकी २६. १९५ ला २६ ने भागले, बाकी १३. २६ ला १३ ने भागले, बाकी शून्य. शेवटी हातात राहिलेला १३ हा दोघांचा अपवर्तनांक. आपल्या सी च्या लूपमध्ये नेमके हेच होते की! मी ती ओळ वाचली तेव्हा जर्नल काढून शेजारी ठेवून पाहिली. मग तिन्ही संख्यांना १३ ने भागायचे. २२१ चे १७ झाले, १९५ चे १५, ६५ चे ५. आता प्रश्न केवढासा उरला! १७ ला कशाने गुणावे, म्हणजे ५ मिळवून १५ ने पूर्ण भाग जाईल? ५ ने. १७ पंचे ८५, त्यात ५ मिळवून ९०, भागिले १५ बरोबर ६. मूळ संख्यांवर ताळा करून पाहा, २२१ गुणिले ५ म्हणजे ११०५, अधिक ६५ म्हणजे ११७०, भागिले १९५ बरोबर ६.

आणि याच ठिकाणी ती गोष्ट येते जिच्यासाठी मी हा सगळा लेख लिहिते आहे. भास्कराचार्य म्हणतात की भाज्य आणि हर ज्या संख्येने भागले जातात, तिने जर क्षेप भागला जात नसेल, तर तो प्रश्नच दुष्ट समजावा. दुष्ट! खलनायकाला लावतो तो शब्द त्यांनी गणिताला लावला आहे. म्हणजे सोडवणाऱ्याने डोके फोडत बसू नये. दोष त्याचा नाही, प्रश्न घालणाऱ्याचा आहे.

मी तिथेच पुस्तक मिटलं आणि पेन्सिली-वह्या घेऊन बसले. पंधराला वह्यांच्या संख्येने गुणा, ते शंभरातून वजा करा, सहाने भागा. भाज्य १५, हर ६, क्षेप १००. पंधरा आणि सहाचा मसावि ३. तीनने शंभरला भाग जातो का? नाही जात. पेन्सिली कितीही घ्या, वह्या कितीही घ्या, बिल नेहमी तीनच्याच पटीत होणार. ९९ होईल, १०२ होईल, १०० कधीच होणार नाही. माझा प्रोग्रॅम बरोबर होता. पोरीची वहीसुद्धा बरोबर होती, खोडलेलं एकूण एक उत्तर चुकीचंच असणार होतं. एका ओळीचं काम होतं, आणि त्या पायी तिने दहा दिवस स्वतःला ढ म्हणवून घेतलं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, नाहीतर कट्ट्यावर सगळं काही आपल्याकडेच शोधलं गेलं म्हणणाऱ्यांचं फावेल. एकमेकांनी भागत जाण्याची ही रीत भास्कराचार्यांची नव्हे. ग्रीक युक्लिडच्या ग्रंथाच्या सातव्या भागात ती आहे, आणि तो ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमाराचा. आपल्याकडे आर्यभटाने ४९९ मध्ये कुट्टकाची रीत दिली, ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये तिचा विस्तार केला. भास्कराचार्यांनीही हे लपवलेले नाही. बीजगणिताच्या शेवटी ते ब्रह्मगुप्त, श्रीधर आणि पद्मनाभ यांची नावे घेतात आणि त्यांचे ग्रंथ फार विस्तृत असल्याने आपण त्यातले सार घेतले असे सांगतात. त्यांचे मोठेपण मांडणीत आहे. शिकणारा कुठे अडेल, कुठे फसेल, हे त्यांना बरोबर माहीत आहे.

मग एवढी कुटाकुटी कशासाठी? तर आकाशासाठी. त्या काळचे ज्योतिषी कल्पाच्या हिशोबाने चालत. एका कल्पात ४,३२,००,००,००० सौर वर्षे आणि १५,७७,९१,६४,५०,००० दिवस. ग्रह अमुक जागी आला, तर कल्पाच्या सुरुवातीपासून किती दिवस गेले, हे बाकीवरून उलट शोधायचे म्हणजे कुट्टक. कॅल्क्युलेटर नाही, असल्या संख्या पाटीवर. मी सहज आपल्या त्याच चार ओळींच्या प्रोग्रॅममध्ये या दोन संख्या टाकून पाहिल्या (इंट मध्ये मावत नाहीत, लाँग लाँग घ्यावा लागतो). मसावि आला १३,५०,०००. त्याने दोन्हींना भागले की उरतात ३,२०० वर्षे आणि ११,६८,८२७ दिवस. अब्जांतला हिशोब हजारांत आला, आणि अचूकपणा कणभरही कमी झाला नाही. भागून पाहिलं तर वर्ष ३६५.२५८ दिवसांचं येतं. आपल्या बॅचच्या पोरांनी राउंड ऑफ करून कसंतरी उत्तर आणलं असतं!

बीजगणितातल्या बाकीच्या करामतींवर खरे तर वेगळा लेख होईल. एका संख्येचा वर्ग करून ६१ ने गुणा, १ मिळवा, उत्तर पुन्हा पूर्ण वर्ग आले पाहिजे, अशी संख्या कोणती? चक्रवाल नावाच्या रीतीने त्यांनी ती काढली आहे, २२,६१,५३,९८०. फ्रान्सच्या फर्माने १६५७ मध्ये हेच ६१ चे कोडे तिकडच्या गणितज्ञांना घातले होते. ग्रहाची त्या क्षणाची गती, म्हणजे तात्कालिक गती, हाही विचार त्यांच्या ग्रहगणितात आहे. एम-वनला ज्यांचा क्रिटिकल आहे त्यांनी मनातल्या मनात नमस्कार करावा.

पुढची तेहतीस वर्षे भास्कराचार्यांनी काय केले याचा तपशील फारसा हाती लागत नाही. ११८३ मध्ये, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिले. हे पंचांग करणाऱ्यांच्या सोयीसाठी, कमी आकडेमोडीत ग्रह काढता यावेत म्हणून केलेले पुस्तक. आपल्या भाषेत हँडबुक म्हणा. एवढा मोठा सिद्धान्त लिहून झाल्यावर एकोणसत्तराव्या वर्षी माणूस दुसऱ्यांची आकडेमोड कमी करत बसतो, याचे मला फार अप्रूप वाटले.

त्यांचा मुलगा लक्ष्मीधर. यादवांच्या जैत्रपाल राजाने त्याला बोलावून नेले आणि आपल्या पंडितांचा प्रमुख केले. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी झाला. (ज्ञानेश्वरांच्या गोष्टीतले चांगदेव ते हे नव्हेत.) या चांगदेवाने आजोबांचे आणि घराण्यातल्या इतरांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून पाटणला मठ स्थापन केला. १२०७ च्या श्रावण पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या वेळी, तिथल्या निकुंभ घराण्यातल्या सोईदेवाने त्या मठाला दान दिले. ग्रहण कधी लागणार हे ज्या घराण्याने आयुष्यभर मोजले, त्याच्या मठाला दानाचा मुहूर्त ग्रहणाचाच!

हे सगळे आपल्याला कळते ते पाटणच्या भवानीच्या देवळातल्या शिलालेखामुळे. तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी शोधला आणि १८६५ मध्ये त्याची माहिती छापली. भाऊ दाजी मुंबईत डॉक्टरी करायचे, मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे. पेशंट सांभाळून हे उद्योग!

शिलालेख संस्कृतात आहे, पण शेवटचा भाग मराठीत आहे. आठशे वर्षांपूर्वीच्या मराठीत. त्यात मठाला बाजारातून काय काय मिळायचे ते लिहिले आहे. गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या. गावात जेवढे घाणे चालतात तेवढ्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल. आणि बाजारात जे काही मापायचे ते मठाच्या मापाने मापायचे, त्याची मजुरी अर्धी मठाला आणि अर्धी मापणाऱ्याला. मी हे दोनदा वाचलं. भास्कराचार्यांची गणितं शिकवणाऱ्या मठाचंच माप त्या बाजारात चालायचं. तेल, धान्य, सगळ्याला एकच माप. आणि साधारण विभाजक म्हणजे तरी दुसरं काय, दोन्ही वस्तू ज्याने पुऱ्या मापल्या जातात, शिल्लक राहत नाही, असं माप. त्यातलं सगळ्यात मोठं ते महत्तम. एक्स्टर्नलना आता सापडले तर सांगेन म्हणते. मामाच्या किराणा दुकानातला वजनकाटा आणि ही ओळ यात किती अंतर आहे ते मला मोजता येत नाही, पण मामाला वाचून दाखवली तेव्हा त्याने मापाच्या डब्यावर उगाच फडका मारला.

आता राहिली मामेबहीण. मी फोनवर तिला सगळं सांगितलं. तीनने भागायचं तिला एका मिनिटात कळलं, भास्कराचार्यांचं वय किती होतं ते मात्र दोनदा विचारलं. शंभरच्या जागी एकशे दोन हवेत हेही तिने आपणहून शोधलं, सात पेन्सिली आणि चार वह्या. मी म्हटलं आणखी उत्तरं निघतात का बघ. तिने आणखी दोन काढली, बारा आणि दोन, आणि दोन आणि सहा. सतरा पेन्सिली आणि वही एकही नाही, हे चालेल का म्हणून वाद घातला. काही वह्या म्हटलंय ना, मग शून्य कशी चालेल, असं तिचंच म्हणणं.

पाच वेळा करून आणायची शिक्षा होती ती तिने पुरी केली. पाचही वेळा गणित लिहिलं, खाली तीनने भाग देऊन दाखवला, आणि उत्तराच्या जागी लाल पेनने दुष्ट असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. मामा म्हणतो की त्या दिवशी शिकवणीला जाताना ती दप्तर पाठीला न लावता छातीशी धरून गेली. सरांनी वही बराच वेळ हातात धरली. मग हा शब्द कुठून आणलास म्हणून विचारलं. पाटणहून, असं तिने सांगितलं.